माशीचा फोटो: मॅक्रो छायाचित्रण नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या काही महिन्यांच्या फोटोंमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा आढळतो: ज्यांच्यावरून माशी नुकतीच उडून गेली आहे अशी हिरवी पाने. पानांच्या शिरा मात्र अगदी रेखीव आल्या आहेत. त्या काळात लेन्स, फ्लॅश आणि सेटिंग यांविषयी मिळेल ते मी वाचत होतो, पण माशी काय पाहते, कधी गारठते, कुठे परत येते आणि कशात रमते, हे कधी नीट पाहिले नव्हते. ते पाहू लागल्यावर त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच जुन्या लेन्सने फोटो मिळू लागले. म्हणून खालच्या टप्प्यांमध्ये साहित्य आणि तंत्र यांच्याबरोबर माशीची राहणीही सतत येईल.

१. समोर बसली आहे ती माशीच ना, हे आधी ठरवा

माश्या, डास आणि चिलटे हे सगळे डिप्टेरा या गणातले कीटक आहेत. या गणाच्या दीड लाखाहून अधिक जातींचे शास्त्रीय वर्णन झालेले आहे, त्यामुळे ‘माशी’ म्हटल्यावर केवळ घरमाशी डोळ्यांसमोर आणणे हे ‘पक्षी’ म्हटल्यावर केवळ कावळा आठवण्यासारखे आहे. डिप्टेरा या ग्रीक नावाचा अर्थच ‘दोन पंखांचे’ असा आहे. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीला एकच असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखी गाठ असलेले दोन छोटे दांडे उरलेले असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना ते पंखांच्या तालावर हलतात आणि शरीर कोणत्या बाजूला वळते आहे याची खबर माशीला देतात. लांब पायांच्या क्रेन फ्लायच्या बाजूने फोटो काढला तर ते साध्या डोळ्यांनाही दिसतात, म्हणून सरावासाठी पहिली माशी तीच निवडावी असे मी सुचवेन.

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिर्फिड माशी फुलासमोर हवेत तरंगताना पाहून अनेक जण तिला मधमाशी किंवा गांधीलमाशी समजतात आणि दचकून मागे सरतात. तिला नांगी नसते. पट्टे हे सोंग आहे, आणि पक्ष्यांना फसवण्यासाठी ते पुरेसे ठरते. आखूड शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), जवळजवळ सगळे डोके व्यापणारे डोळे आणि पंखांची एकच जोडी या तीन खुणा पाहिल्या की सोंग उघडे पडते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. लहान आकाराची माशी हे मोठ्या माशीचे पिल्लू नसते. अंड्यातून अळी, अळीपासून कोष आणि कोषातून प्रौढ माशी असा प्रवास असतो. कोषातून बाहेर पडून पंख आणि अंग एकदा पसरून कडक झाले की माशी पुढे वाढत नाही. लहान दिसणारी माशी ही एक तर वेगळ्या जातीची असते किंवा अळी असताना तिला पोटभर मिळालेले नसते.

२. साहित्य जमवा, पण थोडेच

सुरुवातीला एवढे पुरते:

- लेन्स बदलता येणारा कोणताही कॅमेरा
- १:१ पर्यंत जाणारी मॅक्रो लेन्स, किंवा साधी लेन्स आणि एक्सटेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी), किंवा टेलिफोटो लेन्सच्या तोंडावर लावायची क्लोजअप लेन्स
- ताकद हाताने कमी-जास्त करता येईल असा फ्लॅश
- मोठा डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा), घरी केलेला चालतो
- बारीक कुंचला, लेन्स पुसायचे कापड, नोंदवही

१:१ म्हणजे माशी जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. घरमाशी साधारण ६ ते ७ मिलीमीटर लांब असते आणि फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलीमीटर रुंद असतो, म्हणजे १:१ ला ती चौकटीचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापेल. फक्त चेहरा हवा असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त विवर्धन लागते, मात्र पूर्ण माशी आणि तिची कृती दाखवायला १:१ भरपूर आहे. नवशिक्याने पहिले काही महिने त्यापुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

विवर्धनाचा हिशेब सोपा आहे. ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे फोकल लेंग्थ, एवढे विवर्धन वाढते. म्हणून ५० मिलीमीटरच्या लेन्समागे ५० मिलीमीटर ट्यूब लावली की १:१ मिळते. क्लोजअप लेन्सचा हिशेब डायॉप्टरवर, म्हणजे भिंगाच्या ताकदीच्या एककावर, चालतो. रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची आहे, म्हणजे तिचे स्वतःचे फोकल लेंग्थ १००० भागिले ८, अर्थात १२५ मिलीमीटर होते. ती २०० मिलीमीटरच्या लेन्सवर लावून लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर २०० भागिले १२५, म्हणजे १.६ पट विवर्धन मिळते आणि माशी भिंगापासून सुमारे साडेबारा सेंटीमीटरवर असताना स्पष्ट दिसते.

हे शेवटचे अंतर खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही आणि पुढे पस्तावते. कमी फोकल लेंग्थची लेन्स ट्यूबवर किंवा उलटी लावली की विवर्धन छान मिळते, पण लेन्सचे टोक माशीपासून काही सेंटीमीटरवर येते, त्यामुळे तिच्यावर सावली पडते आणि ती निघून जाते. १०० मिलीमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स महाग असली तरी १:१ ला तिच्या टोकापुढे साधारण १३ ते १५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवते. उलट्या लेन्सची दुसरी अडचण अशी की बहुतेक आधुनिक लेन्सचे अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचे छिद्र) कॅमेऱ्यातून चालते, ती उलटी लावल्यावर कॅमेऱ्याशी तिचा संपर्क तुटतो. उलटी वापरायचीच असेल तर अ‍ॅपर्चरची कडी अंगावर असलेली जुनी लेन्स घ्यावी.

डास पळवणारे मलम हाताला लावून कॅमेरा धरू नका. अशा अनेक मलमांत डीट हे रसायन असते आणि ते प्लास्टिक विरघळवते. माझ्या कॅमेऱ्याच्या मुठीवर त्याचे बोटांएवढे चिकट ठसे कायमचे उरले आहेत.

३. उजेडाची सोय करा

माशीच्या फोटोत उजेड फ्लॅशचा असावा, असे मी जवळपास नेहमीच सांगतो. १:१ च्या पुढे हाताचा प्रत्येक कंप मोठा होऊन दिसतो, आणि अ‍ॅपर्चर लहान ठेवावे लागत असल्याने दिवसाचा उजेड कमी पडतो. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की तो कमी वेळ जळतो. एक-सोळांश ताकदीला बहुतेक फ्लॅशचा झोत सेकंदाच्या पाचहजाराव्या भागाहूनही लवकर संपतो, आणि तेवढ्या वेळात ना तुमचा हात हललेला दिसतो ना माशीचा पाय.

फ्लॅश स्वयंचलित पद्धतीवर असेल तर मुख्य झोताच्या आधी तो एक क्षीण झोत टाकून अंदाज घेतो. माणसाला हे दोन झोत एकच वाटतात, माशीला वाटत नाहीत. सेकंदाला ५० ते ६० वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग जळताना दिसतो. वेगाने उडणाऱ्या माश्यांना २०० हून जास्त लुकलुकीही वेगवेगळ्या दिसतात. पानांवर धावणाऱ्या हिरव्या धातूसारख्या चकाकणाऱ्या लांब पायांच्या माश्या, म्हणजे डोलिकोपोडिडी कुळातल्या, पहिल्या झोताला उडी मारतात आणि दुसरा झोत पडेपर्यंत हवेत असतात. सुरुवातीला सांगितलेली ती रेखीव पाने बहुतांशी याच कुळाची देणगी आहेत. फ्लॅश मॅन्युअलवर टाका, म्हणजे आधीचा झोत पडत नाही. फोकससाठी लागणारा कॅमेऱ्यातला सहायक दिवाही बंद करा.

डिफ्यूझरचे महत्त्व माशीच्या डोळ्यांत डोकावल्यावर कळते. घरमाशीच्या एका संयुक्त नेत्रात ३००० हून अधिक बारीक भिंगे असतात, आणि उघडा फ्लॅश त्यांवर एकच पांढराफटक ठिपका उमटवतो, ज्याखाली डोळ्याचा रंग आणि जाळी दोन्ही पुसली जातात. हिरव्या-निळ्या ब्लो फ्लायच्या अंगावर तर असे पाच-सहा ठिपके पडतात. उपाय असा की उजेडाचा पृष्ठभाग माशीच्या मानाने खूप मोठा आणि तिच्या जितका जवळ आणता येईल तितका जवळ हवा. मी पांढऱ्या फोमचा अर्धगोल पत्रा लेन्सच्या टोकापर्यंत वाकवून लावतो आणि आत ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर देतो. दोन थरांमध्ये तीन-चार सेंटीमीटर पोकळी ठेवली की उजेड एकसारखा पसरतो. डिफ्यूझर बरोबर झाला की नाही हे तपासायला माशी लागत नाही, लोखंडी छरा पुरतो: छऱ्यावर कडा मऊ असलेला रुंद पट्टा दिसला तर काम झाले.

४. सेटिंग एकदा ठरवा आणि विसरा

कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२०० सेकंद, आयएसओ १०० ते ४००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात ठेवा.

अ‍ॅपर्चर आणखी लहान करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण चित्रातल्या सुस्पष्ट भागाची जाडी फार कमी असते: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/११ ला १:१ विवर्धनात सुमारे सव्वा मिलीमीटर आणि दुप्पट विवर्धनात अर्धा मिलीमीटर. परंतु विवर्धन वाढले की अ‍ॅपर्चर आपोआप लहान असल्यासारखे वागते. लेन्सवरच्या आकड्याला विवर्धन अधिक एक याने गुणले की खरा आकडा मिळतो, म्हणून एफ/११ हा १:१ ला एफ/२२ सारखा आणि दुप्पट विवर्धनाला एफ/३३ सारखा होतो. या टप्प्यावर प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना तो पसरतो त्यामुळे) सगळेच चित्र थोडे मऊ होते आणि माशीच्या अंगावरचे केस, ज्यांसाठी एवढा खटाटोप केला, तेच विरघळतात. एफ/१६ ला काढलेला पूर्ण पण मऊ फोटो आणि एफ/८ ला काढलेला, फक्त चेहरा असलेला पण कडक फोटो यांत मी दुसरा निवडतो.

५. वेळ आणि जागा निवडा

माशी स्वतःची उष्णता बाहेरून मिळवते. सूर्य वर येण्याआधीच्या गारव्यात ती पानाखाली किंवा गवताच्या पात्यावर निश्चल बसलेली असते, अंगावर दवाचे थेंब असले तर आणखीच. उन्हाने अंग तापले की काही मिनिटांत ती हातची जाते. कॅमेरा तयार ठेवूनच पहाटे बाहेर पडावे, जागेवर जाऊन फ्लॅश जोडत बसू नये. ढगाळ दिवशी हाच अवधी लांबतो.

जागा माशीच्या पोटावरून ठरते. माव्याने भरलेली कोवळी फांदी दिसली की तिथे थांबा, कारण अनेक सिर्फिड माश्यांच्या अळ्या मावा खातात आणि मादी अंडी घालायला तिथेच येते. शेण, कुजकी फळे, ओला पालापाचोळा आणि साचलेल्या पाण्याची कड यांवर प्रत्येकी वेगळ्या कुळांची वस्ती असते. शेणाजवळ जमिनीसरसे पडून फोटो काढल्यावर हात धुवावेत, हे सांगायची गरज नसावी, पण डोळा कॅमेऱ्याला लावताना तोच हात चेहऱ्यावर जातो हे लक्षात येत नाही.

रॉबर फ्लाय ही उडत्या कीटकांना हवेतल्या हवेत पकडणारी शिकारी माशी उघड्या काटकीच्या टोकावर बसते, झेपावते आणि बऱ्याचदा त्याच काटकीवर परत येते. ती उडाली की तिचा पाठलाग करू नका. काटकीवर फोकस लावून थांबा. भक्ष्य घेऊन परतली तर तुमचे भाग्य, कारण सोंड खुपसून विषारी लाळ सोडल्यावर आतला पातळ झालेला भाग शोषून घेईपर्यंत ती सहसा जागा सोडत नाही.

६. जवळ कसे जायचे

हा टप्पा वाचून येत नाही, तरीही काही खुणा सांगतो. माशीला तुमच्या आकारापेक्षा तो आकार किती वेगाने मोठा होतो आहे याची भीती वाटते. म्हणून सरळ रेषेत, एकाच संथ गतीने पुढे जा आणि आडवी हालचाल टाळा. मागे सूर्य असेल तर तुमची सावली तुमच्या आधी पोहोचते, हे विसरू नका. ज्या पानावर ती बसली आहे त्याला, किंवा त्याला टेकलेल्या गवतालाही धक्का लागता कामा नये.

२००८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ग्वायनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी ड्रॉसोफिला चिलटांचे अतिवेगवान चित्रीकरण करून दाखवले की धोका दिसल्यावर माशी थेट उडत नाही. आधी मधले पाय सरकवून शरीराचा तोल असा साधते की उडी धोक्याच्या विरुद्ध दिशेला जावी. ही तयारी डोळ्यांना दिसण्याइतकी संथ नसते. पण मोठ्या माश्या त्याआधीही बेचैन होऊन पाय बदलतात किंवा अंग किंचित खाली दाबतात, आणि तेवढे दिसले की मी होतो तिथेच गोठतो आणि वीस-तीस श्वास थांबतो.

उलट काही कामांत ती गुंतलेली असते, तेव्हा जवळ जाता येते. माशी पुढचे पाय एकमेकांवर घासते ते त्यांवरची घाण काढण्यासाठी. तिची चव ओळखणारी इंद्रिये पायांवरही असतात, त्यामुळे ते स्वच्छ ठेवणे तिला भाग आहे. पाय झाले की डोळे, मग मागच्या पायांनी पोट आणि पंख. दुसरी संधी म्हणजे तोंडाशी द्रवाचा गोल थेंब धरून तो आत-बाहेर करत बसलेली माशी. त्या थेंबातले पाणी उडून जाते, थेंब थंड होतो आणि परत गिळल्यावर माशीचे अंगही थोडे निवते. थेंबाच्या आत उलटे झालेले सगळे आवार दिसते, आणि माशीच्या फोटोंपैकी मला सर्वांत आवडणारा फोटो तोच.

माशीला फ्रीजमध्ये ठेवून गारठवून फोटो काढायची युक्ती कोणी ना कोणी सांगेलच. ती करू नका. गारठलेली माशी पाय आखडून वेडीवाकडी बसते, अंगावर बाष्प जमते, आणि जाणकाराला असा फोटो लगेच ओळखू येतो. नोंद म्हणूनही त्याची किंमत उरत नाही, कारण ती माशी तिथे काय करत होती हेच हरवलेले असते.

७. फोकस हाताने आणि शरीराने

ऑटोफोकस बंद करा. हवे तेवढे विवर्धन लेन्सवर ठरवा आणि मग फोकस कडी न फिरवता स्वतः मिलीमीटर-मिलीमीटर पुढे सरका. डोळ्याची जाळी चमकली की शटर दाबा. डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ धरून त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवली तर वाऱ्यात पान, माशी आणि कॅमेरा एकत्र डुलतात. अर्थात देठ पकडण्याइतके माशीने सहन करायला हवे.

कोन माशीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. वरून काढलेला फोटो पाठ दाखवतो, समोरून काढलेला चेहरा. आणि बाजूने काढताना कॅमेऱ्याचे सेन्सर माशीच्या अंगाला समांतर ठेवले तर त्या सव्वा मिलीमीटरमध्ये डोळ्यापासून पोटापर्यंतचा बराचसा भाग मावतो.

८. फोटोत काय पाहायचे, हे आधीच ठरवा

ओळख पटवायला एक सुंदर फोटो सहसा अपुरा पडतो. मी प्रत्येक माशीचे तीन कोन मिळवायचा प्रयत्न करतो: वरून वक्ष आणि पंख, बाजूने पाय आणि केस, समोरून चेहरा.

वरून पाहिल्यावर राखाडी वक्षावर चार गडद रेषा असतील तर घरमाशीचा विचार करा. तीन ठळक काळ्या रेषा आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतील तर ती फ्लेश फ्लाय असण्याचा संभव जास्त. धातूसारखी हिरवी-निळी झळाळी ब्लो फ्लायकडे नेते. चेहऱ्यावरून सोंड दिसते: टोकाशी स्पंजासारखी असेल तर ती चाटणारी, सुईसारखी पुढे निघालेली असेल तर टोचणारी. सिर्फिड, ब्लो फ्लाय आणि टॅबॅनिडी कुळातल्या रक्तपिपासू माश्यांच्या बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात आणि मादीचे अलग असतात, म्हणजे समोरच्या एका फोटोत लिंगही समजते. टॅबॅनिडीच्या डोळ्यांवरचे हिरवे-जांभळे पट्टे मेल्यावर विटून जातात. संग्रहालयातल्या पेटीत न मिळणारी ही नोंद जिवंत माशीच्या फोटोतच राहते.

शृंगिकांच्या वर उलट्या नालेसारखी एक बारीक खाच दिसली तर ती ओरखडा समजून पुसून टाकू नका. घरमाशीच्या आणि तिच्या नातलग कुळांच्या माश्या कोषातून बाहेर पडताना कपाळातून एक पिशवी फुगवून कोषाचे झाकण ढकलतात. नंतर ती पिशवी कायमची आत जाते आणि तिची ही खूण उरते.

एकदा अगदी आज्ञाधारक माशी मिळाली. गवताच्या टोकाशी, पंख वर उचललेले, सोंड पात्याला टेकलेली; मी सगळे कोन काढले, फ्लॅश हलवला, पाते हातात धरले, ती हलली नाही. स्वतःच्या कौशल्याचे कौतुक करत मोठ्या पडद्यावर फोटो उघडला तेव्हा पोटाच्या वळ्यांमधून बाहेर आलेले पांढरे पट्टे दिसले. एन्टोमोफ्थोरा नावाची बुरशी अंगात वाढली की माशी मरण्याआधी उंच जागी चढते, सोंडेने तिथे चिकटते आणि पंख वर उचलते, म्हणजे पोटातून उडणारे बीजाणू मोकळेपणाने इतर माश्यांपर्यंत पोहोचावेत. अशी माशी मिळाली तर आसपासच्या पात्यावर पांढऱ्या भुकटीचे वलय आहे का, तेही टिपा.

९. स्टॅकिंग, गरज असेल तरच

फोकस थोडा थोडा पुढे सरकवत काढलेले अनेक फोटो हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर यांसारख्या प्रणालीत एकत्र केले की पूर्ण माशी स्पष्ट होते. जिवंत माशीवर हाताने चार-पाच फोटोंचा गठ्ठा जमतो, त्यापुढे तिची शृंगिका हलते आणि चित्रात तिला तीन शृंगिका येतात. जोडलेला फोटो दाखवताना तो जोडलेला आहे असे लिहावे.

१०. नोंद त्याच दिवशी करा

तारीख, वेळ, जागा, वनस्पती किंवा पृष्ठभाग, हवामान आणि माशी करत असलेले काम, एवढे लिहा. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे का ते पाहा. माझे एकदा सबंध हंगाम बारा तासांनी चुकले होते आणि पहाटेच्या सगळ्या माश्या संध्याकाळच्या झाल्या. आयनॅचरलिस्टसारख्या, जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर फोटो दिले तर जाणकार नाव सुचवतात, पण अनेक माश्या केवळ फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येत नाहीत; कुळावर किंवा प्रजातीवर (जातीच्या वरच्या गटावर) थांबणे हे अपयश नाही.

फोटो निवडताना अस्पष्ट म्हणून सरसकट काढून टाकू नका. सिर्फिड माशीच्या पंखाच्या मध्यभागी इतर शिरांना न जोडलेली एक जादा शीर असते आणि तिच्यावरून हे कूळ ओळखता येते. माझ्याकडच्या एका काळपट, पट्टे नसलेल्या माशीला मी वर्षभर घरमाशीच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. चेहरा पूर्ण धूसर, पण पंख योगायोगाने फोकसमध्ये आलेला तिचा एक फोटो पुसायला घेतला, तेव्हा ती शीर दिसली.